रत्नागिरीला पहिल्यांदा येताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

माझं घर मांडवीत आहे. रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबली की समुद्राचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. नातेवाईक, त्यांचे मित्र, मित्रांच्या ऑफिसातली मंडळी असे पाहुणे वर्षभर येत असतात आणि निघण्याआधी प्रत्येकाचा फोन ठरलेला: "तीन दिवस आहेत, काय काय बघून होईल?" मी आधी तारीख विचारते आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघते. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं नवल वाटतं. पण आमच्याकडे समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि कुठली जागा कधी बघायची ते त्याच्यावर ठरतं. एकाच किनाऱ्यावर सकाळी पोरं क्रिकेट खेळत असतात आणि दुपारी तिथे कमरेएवढं पाणी असतं. हे माहीत नसलेला पाहुणा भर भरतीत खडपावर (ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर) पोहोचतो, "इथे तर काहीच नाही" म्हणून परत फिरतो किंवा नको तिथे पाण्यात उतरतो. म्हणून हा लेख ठिकाणांच्या यादीपासून सुरू न करता तिथीपासून करते.

पहिली पायरी: भरतीचं गणित

जुन्या लोकांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असायची. त्यांना भरतीची वेळ काढायला कागदही लागायचा नाही. पंचांगातली तिथी घ्यायची, शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आणि तिला पाऊणने गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीची साधारण तीच. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्या वेळेच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर पूर्ण ओहोटी.

हे गणित अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं. त्यामुळे आदल्या रात्री मोबाइलवर रत्नागिरीची भरती-ओहोटीची वेळ बघून पक्की करून घ्या. पण सहल आखताना, महिनाभर आधी, पाऊणकीचं गणित पुरेसं आहे.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा: उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढतं, तसंच खूप खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. आता याचा सहलीशी संबंध बघा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पाच-साडेपाचला, नेमकी सूर्यास्ताच्या आधी. किनारा लांबच लांब मोकळा, ओल्या वाळूत आभाळ दिसतं, खडपं उघडी पडलेली. अष्टमीला आलात तर संध्याकाळी सहाला भरती असेल आणि ओहोटी भर दुपारी उन्हात. मला कुणी विचारलं तर मी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या पुढेमागे दोन दिवस धरून यायला सांगते. पौर्णिमा असेल तर रात्रीचा समुद्र वर मिळतो.

दुसरी पायरी: महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यात सुखाचा काळ. सकाळी सड्यावर, म्हणजे समुद्राच्या वरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, गारवा असतो आणि दुपारी चार पावलं चालवतं. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव जातो, पण आंबा, फणस, करवंदं, जांभळं सगळं तेव्हाच. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरण्याचा विचारही करू नका. मासेमारीच्या होड्यासुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असतात. जे लोक समुद्रावर जगतात ते जेव्हा होडी वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण पाण्यात जाण्यात काही अर्थ नाही. मात्र सडा बघायला पावसाळ्यासारखा काळ नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या काळ्या कातळावर तेरडा, गेंद आणि सीतेच्या आसवांचे गालिचे पसरतात. ऑक्टोबर टाळा. ऊन बोचतं आणि हवेत वारा नसतो.

तिसरी पायरी: पोहोचायचं कसं, राहायचं कुठे

रेल्वे हाच चांगला मार्ग. मुंबईहून येणाऱ्या कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या रत्नागिरीला थांबतात. सुट्ट्यांच्या दिवसांतलं आरक्षण खुलं झाल्या झाल्या संपतं, तेव्हा तिथी बघितलीत की त्याच बैठकीत तिकीट काढा. स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर वर, सड्यावर आहे. बाहेर रिक्षा मिळतात. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. गाडीने येणाऱ्यांना मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला वळावं लागतं. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून आलात तरी हातखंबाच. घाटात धुकं दाटतं, रात्रीचा घाट टाळा.

मुक्कामाबद्दल माझं मत ठाम आहे: सगळे दिवस गणपतीपुळ्यात राहू नका. बहुतेक लोक तेच करतात आणि रत्नागिरी न बघता रत्नागिरीहून परत जातात. शहरात मांडवी, मारुती मंदिर किंवा भाट्ये परिसरात उतरा. उत्तरेचा आणि दक्षिणेचा दोन्ही किनारे इथून सारखे हाताशी येतात. घरगुती राहण्याची सोय बघत असाल तर आधी फोन करून जेवणाचं सांगून ठेवा. कोकणातल्या घरात मासे सकाळी बाजारात काय आलंय त्यावर ठरतात, आयत्या वेळी फर्माईश चालत नाही.

फिरायला स्वतःची गाडी किंवा भाड्याची दुचाकी असेल तर उत्तम. एसटी गणपतीपुळे, पावस, जयगड सगळीकडे जाते, पण शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा. आमच्याकडे रात्री आठनंतर गावातल्या रस्त्यावर वाहन मिळत नाही.

चौथी पायरी: पहिला दिवस शहराला द्या

पहाटे उठायची तयारी असेल तर मिरकरवाड्यापासून सुरुवात करा. हे मोठं मासेमारी बंदर आहे. उजाडायच्या सुमाराला होड्या धक्क्याला लागतात. बर्फाचा चुरा, डिझेलचा आणि ताज्या मासळीचा मिसळलेला वास, आणि पाट्यांच्या भोवती घोळका करून उभ्या बायका. लिलाव बघताना लक्ष आकड्यांकडे नको, बायकांच्या हातांकडे द्या. बोली लावायच्या आधी एखादी वाकून सुरमईचा कल्ला वर करते, आत लालभडक दिसलं तर तोंडावर काही न दाखवता मागे सरते आणि मग आकडा बोलते. कल्ला तपकिरी पडलेला असेल तर ती दुसऱ्या पाटीकडे निघूनही गेलेली असते. दोन सेकंदांचं काम. मासा ताजा कसा ओळखायचा हे मी असंच बघून शिकले. तिथे घसरड्या चपला घालून जाऊ नका, वाटेत उभे राहू नका आणि फोटो काढण्याआधी विचारा. ती माणसं कामावर आहेत.

तिथून वर रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराशी त्याचं नाव जोडलं गेलं. आत भगवतीचं देऊळ आहे, नवरात्रात मोठी गर्दी असते. देवळाच्या मागच्या तटावरून खाली मिरकरवाड्याचं बंदर आणि पलीकडे मिऱ्याचा डोंगर दिसतो. मघाशी ज्या धक्क्यावर उभे होतात तो काडेपेटीएवढा वाटतो. दुसऱ्या टोकाला दीपगृह. तटाच्या कडेला जांभा दगड झिजून सुटा झालेला आहे, तेव्हा मुलांचा हात धरा आणि कठड्यावर कुणालाही चढवू नका.

दुपारचं ऊन शहरात घालवा. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. २३ जुलै १८५६ ला टिळक या घरात जन्मले. कौलारू, साधं, कोकणी घर. तिथून जवळ पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९३१ मध्ये, सगळ्या जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं आणि त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. हे नाव गाइडच्या तोंडून फारसं येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मुलं बरोबर असतील तर झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा दाखवा. तो बघितल्यावर मुलं समुद्राकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

चारच्या सुमारास थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, तोवर त्याने भाड्याच्या बंगल्यांत जवळजवळ पाव शतक काढलं होतं. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून १९१६ मध्ये तो वारला. राणी नंतर मायदेशी परतली, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीत आली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली. ज्यांना रत्नागिरी म्हणजे फक्त आंबे वाटतात त्यांना मी या राजवाड्याच्या गच्चीसमोर उभं करते. आत सरकारी संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. आवारातून आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, राजिवड्याच्या होड्या आणि पूल एका नजरेत दिसतात. राजा रोज हेच पाणी बघत असेल.

दिवस मांडवीच्या जेटीवर संपवा. एकेकाळी मुंबईच्या बोटी इथे लागायच्या. इथली वाळू काळी आहे, लोहचुंबक फिरवलंत तर कण चिकटून येतात, कारण वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत. शहराच्याच दुसऱ्या अंगाला, मुरुगवाड्याकडे, पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. आम्ही एकाला काळा समुद्र म्हणतो, दुसऱ्याला पांढरा समुद्र.

पाचवी पायरी: उत्तरेचा किनारा

शिरगाव, साखरतर, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे. सुमारे पंचवीस किलोमीटरचा हा किनारी रस्ता निवळीवरून जाणाऱ्या महामार्गाच्या वाटेपेक्षा निम्मा आहे, आणि देखणेपणात तर तुलनाच नाही. साखरतरचा पूल ओलांडला की खाडीच्या दोन्ही बाजूंना कांदळवन लागतं. ओहोटीत गाडी कडेला घ्या आणि चिखलाकडे बघा. मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवत असतात.

मग रस्ता चढतो आणि वळणावर एकदम आरे आणि वारे हे दोन किनारे खाली उघडतात. सगळे इथेच थांबतात, तुम्हीही थांबा. पण वळणावर गाडी लावू नका, थोडं पुढे जाऊन लावा.

आता मनापासून सांगते. आरे-वारेला वर उभं राहून बघावं, वाळूत चालावं, पण पोहायला उतरू नये. वाळूचा उतार तिथे चटकन खोल जातो, खाडीचं तोंड जवळ आहे आणि ओहोटी लागली की पाण्याला भयंकर ओढ असते. पट्टीचे पोहणारे इथे गेलेले आहेत. दरवर्षी बातमी येते आणि बहुतेक वेळा ती बाहेरगावच्या तरुण मुलांची असते. गणपतीपुळ्यालाही तेच. देवळासमोरचं पाणी वरून कितीही शांत दिसलं तरी गुडघ्याच्या वर जायचं नाही.

गणपतीपुळ्याचा गणपती पश्चिमेकडे तोंड करून समुद्राला सामोरा आहे. मूर्ती स्वयंभू मानली जाते आणि देवाचं रूप म्हणून सबंध टेकडीलाच प्रदक्षिणा घालतात. साधारण एक किलोमीटरची फरसबंद वाट आहे. पहाटे घाला, एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. चतुर्थी आणि सुट्टीचे दिवस टाळलेत तर दर्शन शांतपणे होतं. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड हे सगळं किनाऱ्यावर चालतं. बसण्याआधी दोनच गोष्टी बघा: लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे शाबूत आहेत का, आणि ते तुमच्या अंगाला घट्ट बसतं का. ढिलं जॅकेट पाण्यात पडल्यावर मानेवर सरकतं. ते बदलून मिळत नसेल तर पैसे परत घ्या आणि उतरा.

पुढे दोनेक किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांच्या शाकारलेल्या घराचं स्मारक नीट जपलेलं आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. मालगुंडच्या गायवाडी किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तुमच्या मुक्कामात पिल्लं सोडली जाणार असतील तर गावात कळतं. फ्लॅश न वापरता, दोरीच्या बाहेर उभं राहून बघायचं.

वेळ असेल तर जयगडपर्यंत जा. शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला, दीपगृह आणि खाली कऱ्हाटेश्वराचं देऊळ. पायऱ्या उतरून देवळाशी गेलात की लाटांचा आवाज कातळातून अंगावर येतो. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, गाडी त्यातच चढते. मुक्काम वाढवणार असाल तर पलीकडे हेदवीला बामणघळ बघा. कातळाला पडलेली अरुंद भेग, आणि भरतीचं पाणी आत घुसून तोफेसारखं वर उसळतं. हे एकच ठिकाण असं की तिथे मी ओहोटीला जाऊ नका म्हणते. पाऊणकी काढा, भरतीच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि ओल्या झालेल्या दगडाच्या मागेच उभे राहा. दगड ओला आहे याचा अर्थ पाणी तिथवर येतं.

सहावी पायरी: दक्षिण, आणि सडा

माझ्या लेखी सगळ्यात श्रीमंत दिवस हा. भाट्याचा पूल ओलांडा, सुरूच्या बनातून किनाऱ्यावर थोडं चाला. रस्त्यालगत नारळ संशोधन केंद्र आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, तिथली शांतता खरी आहे. दहा मिनिटं बसलात तरी उतरलेला घाम वाळतो. जवळच गणेशगुळे. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" अशी म्हण आमच्याकडे आहे. देव तिथून निघून गेला असं सांगतात, पण देऊळ आहे, शेजारी खोल विहीर आहे आणि खालचा किनारा गणपतीपुळ्याच्या मानाने मोकळा आहे. मग मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड. छोटा किल्ला, अर्ध्या तासात तटावरून फेरी होते. समुद्राकडच्या दरवाजात बसलात तर उठवत नाही.

पूर्णगडाचा पूल ओलांडून पुढे कशेळी. कनकादित्याचं देऊळ म्हणजे कोकणातलं दुर्मिळ सूर्यमंदिर. सोमनाथाजवळच्या प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली आणि कनका नावाच्या गणिकेला दृष्टान्त झाला, अशी कथा आहे. म्हणून देवाच्या नावाआधी तिचं नाव. शिलाहार राजा भोज याचा ताम्रपट देवस्थानाकडे आहे. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. एका गणिकेचं नाव शेकडो वर्षं देवाच्या आधी घेतलं जातं, हे मला या देवळातल्या कुठल्याही कोरीवकामापेक्षा मोठं वाटतं.

आता सडा. समुद्राच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं पठार पसरलेलं असतं, त्याला आम्ही सडा म्हणतो. वर्षाचे आठ महिने ते करपलेलं दिसतं, गाडीतून जाणारा तिकडे बघतही नाही. त्याच कातळावर माणसाने काही हजार वर्षांपूर्वी चित्रं कोरली. त्यांना कातळशिल्पं म्हणतात. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही आपल्या जिल्ह्यातली सात ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ त्याच यादीत आहेत. गावातल्या गुराख्यांना ही चित्रं कायम ठाऊक होती. त्यांचा कसून शोध आणि नोंद मात्र गेल्या दीड दशकातली, आणि ते काम मुख्यतः रत्नागिरीच्याच हौशी माणसांनी पायी सडे तुडवून केलं.

कशेळीच्या सड्यावर हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब. एकदम जाऊन तो दिसणार नाही. पहिल्यांदा मी गेले ती दुपारी एक वाजता. सूर्य डोक्यावर, कातळ तापलेला, पायाखाली नुसत्या वेड्यावाकड्या खाचा. दहा मिनिटं शोधून निराश झाले. पुन्हा गेले ती संध्याकाळी पाचला. उन्हं तिरपी झाली होती आणि प्रत्येक खाचेच्या एका काठावर बारीक सावली धरली होती. आधी सोंड सापडली, मग पाठीची रेघ, मग पाय, आणि मग कळलं की मी त्याच्या पोटाशेजारीच उभी आहे. हत्तीच्या अंगातच आणखी प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. ते एकेक दिसायला लागले तसा माझा आवाजच बंद झाला. आज आमच्या जिल्ह्यात रानहत्ती नाहीत, पण ज्याने हे कोरलं त्याने हत्ती पाहिला असणार. या चित्रांत शेतीची खूण कुठे नाही, म्हणून अभ्यासक ती शेतीच्याही आधीची मानतात.

तेव्हा जायचं ते सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. कशेळीत वाट विचारा, लोक दाखवतात. संरक्षक दगडांच्या आत पाऊल टाकू नका. खाचा नीट दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरणं हा गुन्हा समजा. जांभा सच्छिद्र असतो, रंग शोषून घेतो आणि मग निघत नाही. सड्यावर सावली अजिबात नाही, माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि अंधार पडायच्या आत रस्त्याला लागा. कातळातले खड्डे अंधारात दिसत नाहीत.

गाडी नसेल तर उक्षीचं शिल्प गाठायला सोपं. तिथे वर उभं राहून बघायला गोल कठडा केलेला आहे. देवाचे गोठणे राजापूर तालुक्यात, जरा लांब. तिथल्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मोबाइलमधलं होकायंत्र काढून खात्री करा.

परतताना कशेळीच्या देवघळीवर सूर्यास्त बघा. उभा कडा, खाली चिमुकला किनारा. कड्यावर कठडा नाही, हे लक्षात असू द्या.

सातवी पायरी: खडपावर आणि पाण्यात

ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकाळ भागाला आम्ही खडप म्हणतो. मुलांसाठी यासारखी जागा नाही. डबक्यांत शंख पाठीवर घेऊन धावणारे खेकडे, हात लावला की मिटणारी समुद्रफुलं, इवले मासे. हात लावा, पण उचलून घरी आणू नका. खडपावर कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात, त्यांची कड पात्यासारखी धारदार. अनवाणी किंवा स्लीपर घालून गेलात तर पाय कापलाच म्हणून समजा. पट्ट्याच्या सँडल घाला. हिरवं शेवाळ दिसलं की पाऊल बाजूला टाका.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडपावर जायचं आणि पाणी वळलं की परतायचं. पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं, पण ते बाजूच्या घळींतून आधी मागे शिरतं. तुम्ही समोरच्या लाटा बघत असता आणि मागची वाट बंद झालेली असते.

गाडी वाळूत नेऊ नका. चार वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने ओहोटीच्या वेळी ओल्या, टणक वाळूवर गाडी उतरवली. फोटो झाले. वळवून वर येताना मागची चाकं भुसभुशीत वाळूत रुतली. चाक फिरवावं तसं खोल जात होतं. पाऊण तासात पहिली लाट टायरला लागली. गावातली दहा-बारा मुलं दोर आणि फळ्या घेऊन आली, ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी दारात शिरलं होतं. गाडी निघाली, पण खारं पाणी आत गेलेलं, इंजिन खोलावं लागलं. त्या मुलांनी पैसेही घेतले नाहीत. चहा प्या म्हटलं तर म्हणाली, "ताई, आधी त्यांना कोरडं काहीतरी द्या, कापतायत बघा."

पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला किंवा टपरीवाल्याला विचारा, "इथे पाण्याला ओढ आहे का?" तो नाही म्हणाला तरच उतरा, तेही चढत्या भरतीत, उजेडात आणि दारू न घेता. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, ताकद संपते. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघालात की लाटाच आत आणतात. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, लाइफ जॅकेट, जे तरंगेल ते फेका आणि ११२ ला फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

आठवी पायरी: काय खायचं, काय न्यायचं

बांगडा तळलेला, सुरमईचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शाकाहारी मंडळींनी ओल्या काजूगरांची उसळ आणि कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी विचारावी, काजूगर मार्च-एप्रिलच्या पुढेमागे मिळतात. सकाळी घावणे किंवा आंबोळी. चकाचक हॉटेलांपेक्षा चार टेबलांची खानावळ बघा.

आंब्याच्या दिवसांत आलात तर रस्त्याकडेची पेटी रंग बघून घेऊ नका. हापूस देठाशी हुंगा. आतून पिकलेल्याचा वास देठापाशी स्पष्ट येतो आणि साल किंचित सुरकुतलेली असते. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक आणि तरी कडक असतील तर सोडून द्या. शक्य असेल तर थेट बागायतदाराकडून कच्ची अढी घ्या, गवतात रचलेली. घरी गेल्यावर प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. बाकी राम आळीत आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ मिळतं. आगळाची बाटली सामानात उभी ठेवा, डाग जात नाही.

परतीला मुंबईकडची गाडी असेल तर जागा खिडकीची घ्या. भोके सोडलं की करबुडे बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, बराच वेळ नुसता अंधार आणि चाकांचा घुमणारा आवाज. बाहेर पडल्यावर उक्षी. पावसाळा असेल तर तिथे रानपाटचा धबधबा रुळांच्या अगदी जवळून दिसतो. फोन आधीच हातात काढून ठेवा, तो दोन-तीन सेकंदच दिसतो.